गावठी कोंबडीच्या पिसाची फ्लाय: घरी बांधायची साधी रीत

फ्लाय म्हणजे गळावर पीस आणि दोरा बांधून केलेलं किड्यासारखं नकली आमिष. ती बांधायला गळ, रेशमी दोरा आणि एक मऊ पीस एवढंच पुरतं. दुकानात मिळणारे चकचकीत धागे, रबरी पाय, रंगीत मणी यांनी पेटी भरते, पण मासा लागायला त्यांची गरज नसते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या इलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेअस नदीवरच्या मासेमारांची रीत लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या चोचीखालच्या लोंबत्या कातडीजवळ उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं तिला जोडत. लोकर, पिसं आणि गळ. तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पनेत काहीच बदल झालेला नाही.

या लेखात जी फ्लाय बांधायची आहे तिचा नमुना उत्तर इंग्लंडचा, यॉर्कशरच्या उथळ आणि वेगवान नद्यांवरचा आहे. तिथे नारिंगी रेशमाचं अंग आणि तित्तिराच्या जातीतल्या पार्ट्रिज पक्ष्याचं तपकिरी पीस एवढ्यावर ट्राउट मासा धरतात. अंग सडपातळ आणि पीस विरळ. कोरडी असताना ही फ्लाय अगदीच गरीब दिसते. पाण्यात गेली की पिसाचे तंतू प्रवाहाबरोबर मिटतात, उघडतात, आणि मासा त्या हालचालीला फसतो. म्हणून पीस मऊ हवं आणि थोडं हवं. पुढे जे काही सांगितलं आहे ते या दोन गोष्टी साधण्यासाठीच आहे.

पिसं कुठून आणायची

आपल्याकडे पार्ट्रिज नाही. तित्तर आहे, पण तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. शेतात मेलेला सापडला तरी त्याची पिसं घेऊ नका. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याबद्दल तर आवर्जून सांगायला हवं. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेचा थेंब सुकल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात आणि इंग्लंडच्या सामन मासेमारीच्या फ्लायांना ते पीस फार लागायचं. त्या हौसेपायी आपल्या जंगलांतले असंख्य रानकोंबडे मारले गेले आणि त्यांची कातडी जहाजांनी रवाना झाली. जुन्या फ्लायांच्या कृतीत हे पीस दिसलं, तर ते सरळ गाळा. त्याच्यावाचून मासा लागायचा थांबत नाही.

मोराचं पीस चालतं, पण गळून पडलेलंच. अशी पिसं देशात बाळगायला कायद्याची मुभा आहे, परदेशी पाठवायला मात्र बंदी आहे. परदेशातल्या मित्राला भेट म्हणून बांधलेल्या फ्लायांत मोरपीस घालू नका.

आपलं मुख्य पीस गावठी कोंबडीचं. कोंबडा नको, कोंबडीच हवी. कोंबड्याच्या मानेची पिसं कडक आणि चकचकीत असतात. ती पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला बरी. कोंबडीच्या मानेची आणि खांद्याची पिसं मऊ, गोलसर टोकाची असतात, आणि तपकिरी कोंबडीच्या पिसांवर बारीक काळे ठिपकेही मिळतात. ते ठिपके तंतूंवर उतरतात तेव्हा तंतू किड्याच्या पायासारखे सांध्यासांध्यांचे दिसतात. ब्रॉयलरची पांढरी पिसं टाळा. ती पिसकट असतात आणि ओली झाली की गळाला चिकटून बसतात. पाळीव बटेर कापणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून छातीची आणि पाठीची पिसं मागून घ्या. बारीक गळासाठी त्यांच्याइतकं चांगलं पीस आपल्याकडे दुसरं नाही.

दुकानदाराला आधी सांगून ठेवलं की तो मान आणि खांद्याची पिसं वेगळी काढून देतो. आजारी किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याची पिसं अजिबात घेऊ नका. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून ही काळजी आपल्याला समजावून सांगावी लागू नये. घरी आणल्यावर पिसं कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून हलक्या हाताने धुवा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि वर्तमानपत्रावर सावलीत सुकवा. पूर्ण सुकल्यावर घट्ट पिशवीत भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून एक-दोन दिवस तशीच ठेवा आणि पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये घाला. पहिल्या थंडीतून वाचलेली कसरीची अंडी मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या थंडीत अळ्या मरतात. हे टाळलंत तर एक दिवस डबा उघडल्यावर पिसांच्या जागी भुसा दिसेल.

दोरा, मेण, लोकर, तार

दोरा रेशमाचा घ्या. नायलॉन मजबूत असतो, पण रेशमाचा रंग ओला झाल्यावर गडद होतो आणि खालच्या गळाची काळसर छटा त्यातून जाणवते. सुक्या रेशमाचा नारिंगी भडक वाटला तरी पाण्यात तो विटकरी तपकिरी होतो. दुकानात रंग निवडताना दोऱ्याचं टोक ओलं करून पाहा, कारण मासा ओलाच रंग बघणार आहे. भरतकामाचं सामान विकणाऱ्यांकडे रेशमी लड मिळते. येवल्याकडे जाणं झालं तर पैठणी विणणाऱ्यांकडे उरलेले तुकडे विचारा. दोरा जाड वाटला तर पीळ सोडवून एक पदर वेगळा काढा. नारिंगी, पिवळा आणि जांभळा हे तीन रंग पुरेत.

मधमाशीचं मेण हवंच. हातभर दोरा कापून तो मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढला की दोरा सुटत नाही, घसरत नाही, पाणीही कमी पितो. थंडीत मेण कडक झालं तर खडा मुठीत धरून थोडा वेळ बसा.

अंग थोडं जाड करायचं असेल तर दख्खनी मेंढीची काळी-तपकिरी लोकर घ्या, घोंगडीची असते तीच. ती भरड असते. कात्रीने पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे करा, तळहातांत चोळून पिंजून घ्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याभोवती दोन बोटांनी एकाच दिशेने पिळा. जेवढी लोकर घ्यावीशी वाटते तिच्या निम्मी घ्या. दोऱ्याचा रंग लोकरीच्या आडून दिसत राहिला पाहिजे.

तांब्याची केसासारखी बारीक तार जळक्या मोटरच्या वायंडिंगमधून मिळते. रिवाइंडिंगवाल्याकडे भंगारात पडलेली असते. इंग्लंडातल्या विल्टशरच्या एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर हा दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेनेच फ्लाय बांधायचा. त्यामुळे फ्लायला वजन येऊन ती लवकर खाली जायची. आपण तारेचे फक्त चार-पाच वेढे घेऊ.

अवजारं

गळ धरायला छोटा व्हाइस लागतो. सोनाराचा हातात धरायचा शिकंजा टेबलाच्या कडेला पक्का केला तरी काम होतं. टोकदार, बारीक पात्यांची कात्री मात्र चांगली घ्या आणि तिने तार कधीच कापू नका. पीस धरायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली क्रोकोडाइल क्लिप चालते, पण तिच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दांडा तुटतो. गाठी मारायला रिफिल काढलेल्या बॉलपेनचं पुढचं टोक उपयोगी पडतं. दोरा लोंबकळत ठेवायला बॉबिन होल्डर असला तर सोय. नसेल तर कपडे वाळत घालायचा एक चिमटा दोऱ्याला लावून खाली सोडा.

गळ 12 किंवा 14 नंबरचे घ्या. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. सुरुवात 12 ने करा, बोटांना सवय झाली की 14 वर या. आपल्या ओढ्या-नद्यांतल्या अळकुटीसारख्या छोट्या माशांना 16 किंवा 18 लागतो.

बांधणी

गळ बसवण्याआधी टोकाजवळचा उलटा काटा सपाट पकडीने दाबून टाका. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि स्वतःच्या बोटात गळ शिरला तर तो सरळ निघतो. मग गळाचा बाक व्हाइसमध्ये धरा. दांडी आडवी, नेढं उजवीकडे.

नेढ्याच्या मागे साधारण एक मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा. दोरा दांडीच्या वरून पलीकडे न्यायचा, खालून आपल्याकडे आणायचा. पहिले पाच-सहा वेढे दोऱ्याच्या स्वतःच्याच टोकावरून घ्या, म्हणजे ते अडकून बसतं. उरलेलं टोक कापा. ही सोडलेली जागा शेवटपर्यंत सांभाळायची आहे. नवशिक्यांच्या बहुतेक फ्लाय इथेच बिघडतात. डोक्याला जागा उरत नाही, दोरा नेढ्यावर चढतो आणि पाण्यावर गेल्यावर नायलॉनची तंगूस आत शिरत नाही.

आता पीस निवडा. ते वाकवून तंतू पसरा आणि गळाशेजारी धरून पाहा. एका तंतूची लांबी नेढ्यापासून बाकापर्यंत पोचेल एवढी हवी, थोडी जास्त चालेल. बुडाकडचा कापसासारखा भाग ओढून काढा. मग टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू उलटे, बुडाच्या दिशेने चोळा. टोकाशी एक छोटा त्रिकोण उरेल. तो त्रिकोण दांडीवर ठेवा, अशा बेताने की पिसाचा दांडा नेढ्यावरून पुढे, उजवीकडे जाईल आणि पिसाची फिकी, आतली बाजू वर राहील. चकचकीत बाजू खाली. चार घट्ट वेढ्यांनी बांधा, त्रिकोणाचं जास्तीचं टोक कापा. पीस आता पुढे डोकावत राहील, त्याला तसंच राहू द्या.

यानंतर अंग. दोरा एकाला एक लावून मागे न्या, मध्ये फट नको आणि वेढ्यावर वेढा नको. गळाच्या टोकाच्या बरोबर वर येईल तिथे थांबा. त्यापुढे बाकावर उतरू नका, ही फ्लाय आखूड अंगाचीच चांगली. तार घालायची असेल तर मागे जाताना तिचं टोक दोऱ्याखाली घेत जा. आता दोरा तसाच वेढ्याला वेढा लावून परत पुढे आणा आणि पिसाच्या किंचित मागे लोंबता ठेवा. तार असेल तर ती चार-पाच विरळ वेढ्यांनी पुढे आणून दोऱ्याने पकडा आणि उरलेली तार हलवून हलवून तोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. पिसाचं बूड क्लिपमध्ये धरून पीस सरळ उभं करा. आतली बाजू वर ठेवली होती, ती आता मागे बाकाकडे वळते आणि चकचकीत बाजू नेढ्याकडे येते. म्हणजे तंतू आपोआप मागे झुकणार. पहिला वेढा नेढ्याच्या बाजूला, दुसरा त्याला लागून मागे, लोंबत्या दोऱ्याच्या दिशेने. प्रत्येक वेढ्याला डाव्या हाताच्या ओल्या बोटांनी तंतू मागे सारा, म्हणजे ते दांड्याखाली चिरडले जात नाहीत. दोन वेढे झाले की थांबा. अजून एक घ्यावासा वाटेल, तो घेऊ नका. पीस दाट असेल तर गुंडाळण्याआधीच दांड्याच्या एका बाजूचे तंतू ओढून टाकलेले बरे.

दोऱ्याच्या दोन वेढ्यांनी पिसाचा दांडा पकडा आणि उरलेलं पीस कापा. मग दोरा तंतूंच्या मधून डावी-उजवीकडे हलवत पुढे नेढ्याकडे काढा. दोरा असा पिसाच्या दांड्यावरून आडवा जातो, त्यामुळे माशाच्या दातांनी पीस सहजी सुटत नाही. काही तंतू पुढे वाकून दबले तर सुईच्या टोकाने मोकळे करा.

डोक्यासाठी चार-पाच वेढे पुरे. मग बॉलपेनच्या टोकाभोवती दोरा एकदा गुंडाळा, पेनचं तोंड नेढ्यावर टेकवा आणि तो फास पेनवरून दोऱ्याच्या डोक्यावर सरकवून ओढा. अशा तीन गाठी मारा आणि दोरा कापा. सुईच्या टोकावर लाखेच्या पॉलिशचा एवढासा थेंब घेऊन डोक्याला लावा. पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर ते जास्त टिकतं. थेंब सुकण्याआधी नेढ्यातून एक जुना पिसाचा दांडा आरपार ओढा, नाहीतर नेढं बुजतं.

फ्लाय सुकली की काचेच्या पेल्यात पाणी भरा, फ्लायला वीतभर बारीक तंगूस बांधून पाण्यात सोडा आणि हलकेच ओढा-सोडा. ओढल्यावर तंतू अंगावर मिटले आणि सोडल्यावर पुन्हा फुलले तर फ्लाय जमली. नुसता गोळा वर-खाली होत असेल तर पीस जास्त झालंय. कात्रीने तंतू छाटून चालत नाही, छाटलेली टोकं कडक राहतात. वाटलं तर एक-एक तंतू बुडाशी चिमटीत धरून उपटा.

याच बांधणीतले दोन बदल

जपानच्या डोंगरी ओढ्यांवर टेनकारा नावाची रीत आहे. रीळ नाही, काठीच्या शेंड्यालाच दोर. तिथल्या पारंपरिक फ्लायला साकासा केबारी म्हणतात आणि तिचे तंतू मागे नाही, पुढे नेढ्याकडे झुकलेले असतात. काठी हलकेच टिचकवली की प्रवाह तंतूंना मागे दाबतो, ढिली सोडली की ते पुन्हा पुढे येतात. ती बांधायची तर वरच्या कृतीत एवढंच बदला: पीस बांधताना चकचकीत बाजू वर ठेवा. बाकी सगळं तेच. संथ पाण्यात मला ही जास्त भरवशाची वाटते.

दुसरा बदल मोरपिसाच्या अंगाचा. डोळ्याखालचे तीन-चार हिरवट तंतू टोकांकडून मागे बांधा, दोऱ्याभोवती पिळून त्याची एक दोरी करा आणि ती पुढे गुंडाळत आणा. नुसते तंतू गुंडाळले तर एका माशाने चावल्यावर सुटतात. पिळलेली दोरी पुष्कळ टिकते. त्यावर काळ्या कोंबडीचं पीस.

कुठली बांधायची हे ठरवायला ओढ्यातला हाताएवढा दगड उलटा करून पाहा. चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसले तर सडपातळ रेशमी अंगाची फ्लाय घ्या. वाळूच्या कणांच्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या तर लोकरीचं किंवा मोरपिसाचं जाड अंग. दगड होता तसाच परत ठेवा.

पाण्यावर

फ्लायला वजन नसतं, तेव्हा तिला पुढे न्यायचं काम दोराचं. रीळ आणि फ्लाय रॉड असेल तर उत्तमच. नसेल तर बांबूच्या लवचीक काठीला तिच्याइतक्याच लांबीची जाड तंगूस बांधा आणि तिच्या पुढे मीटरभर बारीक तंगूस. फ्लाय प्रवाहाला आडवी, किंचित खालच्या बाजूला टाका आणि दोर ताणलेला ठेवून तिला कमानीत खाली येऊ द्या. कमान संपते तिथे, फ्लाय किनाऱ्याकडे वळून वर यायला लागते त्या क्षणी मासा बऱ्याचदा धरतो. घाईने काठी वर करू नका. दोर जड झाला की नुसता उचला.

ट्राउटसाठी हिमाचलातलं तीर्थन किंवा पब्बरचं पाणी गाठावं लागतं. तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. आपल्याकडच्या धरणांत आणि तलावांत मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. महसीरसाठी हीच फ्लाय 4 किंवा 6 नंबरच्या जाड गळावर बांधा, बारीक तारेचा गळ महसीर सरळ करून टाकतो. पावसाळ्यात अंड्यावर आलेले मासे प्रवाहाच्या वर चढत असतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि रायगडातल्या काळ नदीवर वाळणकोंडीसारखे वरदायिनी देवीच्या नावाने राखलेले डोह आहेत, तिथे महसीर पाहायला जा. गळ घेऊन जाऊ नका.

ओली फ्लाय तशीच पेटीत ठेवली तर एका रात्रीत गळाला गंज चढतो आणि तो रेशमात उतरतो. घरी आल्यावर पेटी उघडून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि पिसांच्या डब्यात डांबरगोळ्या टाका. बुरशी आलेलं पीस धुऊन पुन्हा वापरू नका, त्याचे तंतू ठिसूळ झालेले असतात आणि गुंडाळतानाच तुटतात. जुन्या फ्लायचा गळ चांगला असेल तर ब्लेडने दोरा उभा कापून सगळं उतरवा आणि त्याच गळावर नवी बांधा.